जबडा पोचेल तिथवर

१८३७ साली मँचेस्टरमध्ये विल्यम फेअरबेर्नच्या कारखान्यातल्या बॉयलर-कामगारांनी हातोडे खाली ठेवले. या शहराला संपाची सवय होती. तीनच वर्षांपूर्वी तिथल्या बॉयलर-कारागिरांनी आपली संघटना बांधली होती, आणि वाफेच्या इंजिनांना गिऱ्हाईक इतके होते की आठवडाभर काम अडले तरी मालकाच्या तोंडचे पाणी पळावे. फेअरबेर्न स्कॉटलंडच्या केल्सो गावचा. कोळशाच्या खाणीवर उमेदवारी करून तो वर आला होता. कामगारांचे बळ कशात आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. बॉयलरचे पत्रे जोडणारे रिव्हेट त्यांच्याशिवाय कोणाला ठोकता येत नव्हते. मग त्याने ठोकण्याचे कामच काढून टाकायचे ठरवले.

कारखान्यातल्या रॉबर्ट स्मिथच्या मदतीने त्याने जे यंत्र उभे केले, ते आजच्या कुठल्याही प्रेसवाल्याला लगेच ओळखू येईल. एक भक्कम उभा लोखंडी खांब, आणि त्याच्यासमोर तरफेच्या जोराने पुढे सरकणारा ठसा. बॉयलरचे कवच साखळीने उचलून खांबावर उतरवायचे, म्हणजे खांब आतल्या बाजूला आणि ठसा बाहेरच्या. भोकात लाल तापलेले रिव्हेट घातले की यंत्राचा जबडा मिटणार आणि एका दाबात दुसरे डोके तयार होणार. पट्ट्यावर फिरणाऱ्या चाकातून येणारी ताकद थकत नव्हती, संपावरही जात नव्हती.

हिशेब फेअरबेर्नने स्वतःच मांडून ठेवला आहे. हातोडा चालवणारे दोघे, आतून टेकू देणारा एक आणि एक पोर अशा चौघांकडून तासाला सरासरी ४० रिव्हेट होत. यंत्र पाऊण इंची रिव्हेट मिनिटाला ८ बसवी, म्हणजे तासाला ४८०. बारापट काम आणि वर एका माणसाची मजुरी वाचली. कारखान्यातला कानठळ्या बसवणारा गोंगाटही यंत्राने जवळजवळ थांबवला, हे त्याने मुद्दाम नोंदवले. संपामुळे झालेला हा शोध आहे हेही त्याने लपवले नाही. त्या काळच्या मालकांना त्यात लपवण्यासारखे काही वाटतच नसे. कापसाच्या गिरण्यांतल्या कातणाऱ्यांच्या संपाला कंटाळून मालकांनी मँचेस्टरच्याच रिचर्ड रॉबर्ट्सकडून आपोआप चालणारे कातयंत्र करवून घेतले, त्याला जेमतेम बारा वर्षे झाली होती.

रिव्हेटचे काम वरकरणी साधे दिसते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे, भोके जुळवायची, एका बाजूला डोके असलेली कांडी तापवून आरपार घालायची आणि पलीकडे आलेले टोक ठोकून त्याचे दुसरे डोके करायचे. खरी करामत नंतर घडते. तापलेली कांडी निवताना आखडते. तिची लांबी कमी व्हायला बघते, पण दोन्ही डोकी पत्र्यांना अडतात, आणि त्या ओढीने पत्रे एकमेकांवर आवळले जातात. चांगल्या सांध्यात पत्रे सरकत नाहीत ते बरेचसे या आवळण्यामुळे, कांडीचा अडसर हे नंतरचे कारण. म्हणूनच रिव्हेट किती तापले होते, किती चटकन ठोकले आणि भोक पुरते भरले का, यावर सगळे अवलंबून असे. यंत्राचा दाब इथे हातोड्याला सरस ठरला, कारण तो कांडीला भोकात चहूबाजूंनी फुगवतो. हातोड्याच्या उथळ घावांनी कधीकधी नुसते डोकेच सपाट होते.

पण सांधा कितीही चांगला असला तरी भोक पाडले म्हणजे पत्रा तेवढा कमजोर झालाच. फेअरबेर्नने सांधे ताणून तोडून पाहिले. अखंड पत्र्याची ताकद १०० धरली, तर रिव्हेटच्या दोन ओळी असलेल्या सांध्याची ७० आणि एका ओळीच्या सांध्याची ५६. बॉयलर-इंजिनिअरांच्या दोन-तीन पिढ्यांनी हे आकडे पाठ केले. १८४४ मध्ये जॉन हेदरिंग्टनबरोबर त्याने दोन आडव्या धूरनळ्यांच्या ज्या बॉयलरचे पेटंट घेतले, तो लँकेशायर बॉयलर पुढे मुंबईच्या कापडगिरण्यांतही धडधडला. गिरणगावातल्या चिमण्यांच्या पायथ्याशी आडवे पडलेले ते धूड अशाच रिव्हेटच्या ओळींनी बांधलेले असे.

यंत्र आले म्हणजे रिव्हेटवाल्यांचा बाजार उठला असे कोणालाही वाटेल. घडले उलटेच. त्याचे कारण यंत्राच्या घडणीतच होते. जबडा म्हटला की त्याला दोन बाजू लागतात, आणि कडेपासून आत किती पोचायचे याला त्याच्या घशाच्या खोलीची मर्यादा येते. बॉयलरचे कवच उचलून खांबावर उतरवता येत होते. जहाज कशावर उतरवणार? पूल कोणत्या साखळीने टांगणार? जे यंत्रापाशी नेता येत नाही तिथे हातोडा घेतलेला माणूसच जाणार, आणि लोखंडाची जहाजे, पूल, टाक्या यांचा पसारा तर दर वर्षी फुगत होता.

वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवरचा ब्रिटानिया पूल मार्च १८५० मध्ये खुला झाला. रॉबर्ट स्टीफन्सनचा हा पूल म्हणजे पत्र्याच्या प्रचंड चौकोनी नळ्या. आगगाडी त्यांच्या आतून जाई. मधले गाळे ४६० फुटांचे आणि सगळ्या पुलाला रिव्हेट सुमारे २० लाख. फेअरबेर्न या कामात सल्लागार होता, त्याची यंत्रेही होती, तरी मोठा वाटा किनाऱ्यावरच्या माणसांनीच ठोकला. याच पद्धतीच्या कॉनवे पुलाच्या वेळी कामगारांनी एकजूट करून कंत्राटदाराला अडचणीत आणले, तेव्हा पुन्हा तोच रिचर्ड रॉबर्ट्स पुढे आला आणि त्याने पत्र्याला भोके पाडणारे यंत्र दिले. कोणत्या ओळीत कुठे भोक पडायचे हे जॅकार्ड मागाच्या पद्धतीने आधीच ठरवून ठेवता येई. इचलकरंजीच्या मागावर नक्षी ठरवणारी युक्ती इथे लोखंडाला भोके पाडत होती. आजच्या संगणकावर चालणाऱ्या पंच प्रेसचे मूळ शोधायचे तर मी इथे बोट ठेवीन.

पुढच्या दशकात टेम्सकाठी इंजिनिअर ब्रुनेलचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे जहाज उभे राहिले. ३० लाखांच्या आसपास रिव्हेट, आणि दुहेरी तळ. दोन कवचांमधल्या अरुंद पोकळीत टेकू धरणारा माणूस आणि त्याच्याबरोबरचे पोर शिरत. त्यातले दोघे आतच चिणले गेले आणि जहाज मोडताना त्यांचे सांगाडे सापडले, अशी आख्यायिका ब्रिटिश गोद्यांत आजही सांगतात. तिला पुरावा नाही. पण त्या पोकळीत काम केलेल्यांनी ती ऐकून मान डोलावली असेल, यात शंका नाही.

गोदीतल्या टोळीची रचना पाहण्यासारखी होती. भट्टीवरचे पोर रिव्हेट तापवी. दुसरे पोर ते घेऊन भोकापाशी पळे. पत्र्याच्या आत बसलेला टेकूवाला जड हातोडा दाबून धरी. बाहेर दोघे हातोडेवाले आळीपाळीने घाव घालत, आणि दोघांचे घाव एकमेकांना अडू नयेत म्हणून त्यातला एक डावखुरा असलेला बरा. आपल्याकडे डाव्या हाताने जेवणाऱ्याला मोठी माणसे दटावत आली. क्लाइड आणि बेलफास्टच्या गोद्यांत मात्र त्या हाताला भाव होता. मजुरी नगावर. पावसाने भट्टी विझली किंवा भट्टीवरचे पोर आले नाही, तर पाचही जणांचा दिवस बुडाला. संध्याकाळी तपासनीस छोटी हातोडी घेऊन एकेक डोके वाजवत जाई. ढिले रिव्हेट आवाजावरून कळे आणि त्यावर खडूची खूण पडे. ते काढून नवे ठोकायचे, तेही बिनपैशाचे.

आवाजावर पोट असलेल्या या माणसांचे कानच आधी जात. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने १८८६ मध्ये शंभर बॉयलर-कामगारांचे कान तपासले, तर एकाचेही ऐकणे धड नव्हते. सर्वात वाईट दशा टेकूवाल्याची, कारण तो बॉयलरच्या पोटात बसलेला आणि घाव बाहेरून पडणारे. फेअरबेर्नने यंत्राच्या शांततेचे कौतुक केले त्याला तोवर पन्नास वर्षे होत आली होती.

यंत्रच कामाच्या जागी नेण्याचे डोके इंजिनिअर राल्फ ट्वेडेलने लढवले. १८६५ मध्ये त्याने पाण्याच्या दाबावर चालणारे रिव्हेट-यंत्र केले, आणि १८७० नंतर त्याची हलवता येणारी आवृत्ती आली. आता अवजड इंजिन दूर ठेवून फक्त जबडा क्रेनला टांगायचा आणि नळीतून दाबाचे पाणी द्यायचे. १८७३ मध्ये लंडनचा प्रिमरोज स्ट्रीट रेल्वेवरून नेणाऱ्या पुलाचे रिव्हेट जागेवर जाऊन अशा यंत्राने बसवले. पुढे दाबाची हवा वापरणारा हातोडा आला, तो एका हातात मावे. जून १९१८ मध्ये, महायुद्धात जहाजे बुडत होती त्याहून वेगाने बांधायची घाई चालू असताना, बेलफास्टच्या वर्कमन क्लार्क गोदीत जॉन मॉयर नावाच्या रिव्हेटवाल्याने ९ तासांत ११,२०९ रिव्हेट बसवले. फेअरबेर्नचे यंत्र तेवढे ९ तास न थांबता चालले असते तरी त्याला एवढे जमले नसते. अर्थात असल्या विक्रमामागे भट्टी पेटती ठेवणारी आणि रिव्हेट पुरवणारी किती माणसे धावत होती, हे विक्रमाच्या नोंदीत येत नसते.

याच शहरात सहा-सात वर्षांपूर्वी टायटॅनिक बांधली होती. हार्लंड अँड वुल्फच्या त्या जहाजाला सुमारे ३० लाख रिव्हेट लागले. जहाजाच्या मधल्या सपाट भागात, साधारण तीनपंचमांश लांबीत, वरच्या सांगाड्याला टांगलेले मोठे हायड्रॉलिक जबडे पोचत होते. तिथे पोलादी रिव्हेट दाबून बसवले. नाळ आणि वरामाकडे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकांकडे, कवच वळत जाते. तिथे जबड्याला घुसायला जागा नव्हती. म्हणून त्या टोकांना माणसांनी हातोड्याने काम केले, आणि हाताने ठोकायला सोपे म्हणून तिथे पोलादाऐवजी घडीव लोखंडाचे रिव्हेट वापरले. जहाज पाण्यात उतरायच्या आतच या कामावरचे पंधरा वर्षांचे एक पोर शिडीवरून पडून गेले होते.

हिमनगाने एप्रिल १९१२ मध्ये नेमके नाळेकडच्या बाजूला घासले. चौकशीत गोदीचे जहाजरचनाकार एडवर्ड वाइल्डिंग यांनी गणित मांडले होते की जेवढे पाणी शिरले त्याला सगळी मिळून १२ चौरस फुटांची फट पुरेशी आहे. म्हणजे मोठे भगदाड पडायची गरजच नव्हती, सांधे जागोजागी उकलले तरी पुरे. १९९० नंतर समुद्रतळावरून आणलेले रिव्हेट अमेरिकेतले धातुतज्ज्ञ टिम फोके यांनी कापून पाहिले, तेव्हा त्यांतल्या काही लोखंडी रिव्हेटांत मळीचे प्रमाण बरेच जास्त निघाले. फोके आणि जेनिफर मॅकार्टी यांनी गोदीची जुनी कागदपत्रे चाळून २००८ मध्ये असेही मांडले की कामाच्या गर्दीत हलक्या प्रतीचे लोखंड आणि कमी सरावाचे हात वापरले गेले. गोदीला हे मान्य झाले नाही. मलाही सगळा दोष रिव्हेटवर टाकणे पटत नाही. त्याच गोदीत, त्याच पद्धतीने बांधलेले जुळे जहाज ‘ऑलिंपिक’ १९३५ पर्यंत अटलांटिकच्या फेऱ्या मारत राहिले. पण जिथे जबडा संपतो आणि हात सुरू होतो, तिथेच हिमनग लागला, हे मात्र नकाशावर दिसते.

जबड्याला मनासारखी वस्तू मिळाली तर काय होते, हे अमेरिकेत मिलवॉकी शहरात १९२१ मध्ये दिसले. ए. ओ. स्मिथ ही कंपनी मोटारीची चासी बनवत असे. पत्र्याच्या पट्ट्या प्रेसमध्ये वाकवून नाल्यासारख्या लांब बाजू करायच्या, आडवे दांडे घालायचे, आणि सगळे रिव्हेट करायचे. चासी सपाट, उघडी, कुठूनही हात घाला. मालक लॉइड रेमंड स्मिथने असा कारखाना उभारला की एका टोकाला पोलादाच्या पट्ट्या गेल्या की दुसऱ्या टोकाला तयार चासी पडे, सुमारे दर आठ सेकंदांना एक, दिवसाला १०,००० पर्यंत. पट्ट्या तपासणे, धुणे, कापणे, भोके पाडणे, वाकवणे हे सगळे आपोआप. शेवटी दोन्हीकडून रिव्हेटचे जबडे एकदम पुढे येत, थंड रिव्हेट एका दमात आवळत आणि मागे सरत. माणसे होती, पण देखभालीला आणि नजर ठेवायला. १९२९ मध्ये स्मिथने लिहिलेल्या लेखाचे शीर्षकच होते, आम्ही माणसांवाचून चालणारा कारखाना बांधतो. हा कारखाना १९५८ पर्यंत चालला. तोवर अमेरिकन मोटारींच्या चासीची घडणच बदलली होती, आणि एकाच घाटासाठी बांधलेले इतके मोठे यंत्र वळवणार कसे? संपावर उतारा म्हणून आलेले यंत्र शंभर वर्षांत इथवर पोचले होते, आणि मला हा कारखाना त्या सगळ्या कहाणीचा कळस वाटतो. रोबो यायच्या कितीतरी आधीचा.

मोटारीचे बंद अंग मात्र अशा रिव्हेटला दाद देईना. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉज मोटारींसाठी पूर्ण पोलादी बॉडी केली, ती प्रेसमध्ये ओढलेल्या पत्र्यांची आणि वेल्डिंगने जोडलेली. एलिहू थॉमसनने १८८६ मध्ये पेटंट घेतलेले रेझिस्टन्स वेल्डिंग यामागे होते. त्यातल्या स्पॉट वेल्डिंगलाही जबडाच लागतो. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे दाबायचे आणि विजेचा झटका द्यायचा. भोक नको, रिव्हेट नको, म्हणून मोटार उद्योग पुढची पन्नास-साठ वर्षे त्यावरच राहिला.

जहाजांत आर्क वेल्डिंग आले ते वेगळ्या सोयीसाठी. वेल्डरला एकच बाजू पुरते. टेकूवाला नको, पोर नको, आणि एकावर एक पत्रे चढवायचे वजनही वाचते. बर्कनहेडला बांधलेले ‘फुलागर’ हे १९२० मधले सागरी जहाज पूर्ण वेल्ड केलेले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० मालवाहू ‘लिबर्टी’ जहाजे याच जोरावर काढली. नोव्हेंबर १९४२ मध्ये रिचमंड गोदीत ‘रॉबर्ट ई. पीअरी’ हे जहाज पाच दिवसही न घेता पाण्यात उतरले. रिव्हेटने हे अशक्य होते.

आणि मग १६ जानेवारी १९४३ ला ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात बांधून ठेवलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज होऊन मधोमध फाटले. लिबर्टी जहाजांनाही तडे जाऊ लागले. प्रथम वेल्डरांना बोल लागला. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की त्या काळचे पोलाद थंडीत काचेगत ठिसूळ होते, आणि तडा एकदा सुटला की अखंड वेल्ड केलेल्या कवचात त्याला थांबायला जागाच नसते. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेपर्यंत जाई आणि तिथे संपे, कारण शेजारचा पत्रा वेगळा. ज्याला सगळे सांध्याची कमजोरी समजत होते तीच जहाजाची राखण करत आली होती. यावर तोडगा काय काढावा? अनेक लिबर्टी जहाजांच्या कवचात लांबच लांब काप घेतले आणि त्यांवर पट्ट्या चढवून त्या रिव्हेटने बसवल्या. निवृत्त रिव्हेटवाल्यांना हे वाचून गंमत वाटली असावी.

त्याच वर्षांत विमानांनी रिव्हेटला नवा संसार दिला. विमानाच्या ॲल्युमिनियमला तेव्हा वेल्डिंग मानवत नव्हते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या नमुन्यावर डोके आत बसवलेले महाग रिव्हेट खरोखर सगळीकडे हवेत का, हे पाहायला इंजिनिअरांनी प्रत्येक रिव्हेटच्या डोक्यावर वाटाण्याच्या डाळीचा दाणा चिकटवला आणि विमान उडवले. वेग ताशी २२ मैलांनी उतरला. मग एकेका भागावरची डाळ खरवडत त्यांनी कुठे सपाट डोके लागते आणि कुठे उठावाचे चालते ते ठरवले. डेट्रॉइटजवळच्या विलो रनमध्ये फोर्डने बांधलेल्या बी-२४ बॉम्बर विमानाला तीन लाखांहून जास्त रिव्हेट लागत. पंखाच्या टोकाला आत टेकू धरायला मोठ्या माणसाला जागा नसे, म्हणून तिथे बुटक्या माणसांना मुद्दाम नोकऱ्या दिल्या. जिथे कोणीच पोचत नव्हते तिथे एका बाजूने बसणारी रिव्हेट आली. त्यांतल्या एका जातीत मधला खिळा मागे ओढला की पलीकडचे टोक फुगे. जर्मनीच्या हाइंकेल कंपनीने तर आत चिमूटभर स्फोटक भरलेले रिव्हेट काढले. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा कारागीर चिमट्याने जे पॉप रिव्हेट मारतो, ते पहिल्या जातीचे.

मोटारीत ॲल्युमिनियम आले तेव्हा स्पॉट वेल्डिंगची पंचाईत झाली. हा धातू वीज आणि उष्णता भराभर वाहून नेतो, आणि त्याच्यावर ऑक्साइडची साय धरलेली असते. त्यातून स्वतःच भोक पाडणारे रिव्हेट मोटारीत आले. १९९४ च्या आउडी ए-८ मध्ये ते होते. २००३ च्या जग्वार एक्सजेची तर सारी बॉडी तीन हजारांहून जास्त अशा रिव्हेटांनी आणि गोंदाने जोडलेली. ही मोटार बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमविचला बनत असे, जिथे युद्धात स्पिटफायर बनत होती. २००८ मध्ये जग्वार मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली तेव्हा ही विद्याही त्यांच्या पदरात पडली.

या रिव्हेटची कांडी पोकळ असते. रोबोच्या हातात इंग्रजी सी अक्षरासारखा जबडा, वर पंच आणि खाली डाय. काही टनांच्या दाबाने रिव्हेट वरचा पत्रा भेदते, खालच्यात शिरून पाय फाकवते, पण त्याला आरपार फोडत नाही. खाली फक्त एक फुगवटा दिसतो. कापडाला टिचबटण बसवताना जे होते ते पत्र्यात घडते. आधी भोक पाडायचे नाही, तापवायचे नाही. यंत्र प्रत्येक वेळी दाब आणि पंचाची हालचाल यांचा आलेख नोंदवते. आलेख वाकडा गेला की तेवढा सांधा वेगळा काढला जातो. त्याहून पुढचे पाऊल म्हणजे क्लिंचिंग. त्यात रिव्हेटही नसते. वरचा पत्रा खालच्यात दाबून डायच्या खोबणीत असा पसरवायचा की दोघे एकमेकांत अडकून बसतात. वॉशिंग मशीनचे किंवा एअर कंडिशनरचे पत्रे उलटून पाहिले तर वाटीसारखे छोटे खळगे दिसतात, ते याचेच.

घशाच्या खोलीचा प्रश्न तसाच आहे. बंद नळीच्या आत डाय जात नाही, म्हणून तिथे एका बाजूने घुसणारे, फिरताना धातू मऊ करत आपलेच आटे पाडणारे फ्लो ड्रिल स्क्रू वापरतात. आणि अपघातात ठेचलेली ॲल्युमिनियमची जग्वार गॅरेजमध्ये आली, तर मेकॅनिक जुने रिव्हेट काढून गोंद लावतो आणि हातातल्या जबड्याने नवे बसवतो. पत्र्याच्या मागे जिथे हा जबडा जात नाही, तिथे कंपनीचे दुरुस्ती-पुस्तकच त्याला सांगते की एका बाजूने ओढून बसणारे रिव्हेट घे.